अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशीचा बेदाणा

तासगावहून निघताना माझ्या पिशवीत भडंगाचा मोठा डबा होता आणि घरात सगळे त्यावरून मला हसत होते. मी निघाले होते नाशिकला, वर्षभर उपास करणाऱ्या मैत्रिणीकडे. "उपाशी बाईला खाऊ नेणारी तूच," आमचे हे म्हणाले. मी म्हटलं, उपास सुटल्यावर खाईल की. ललिताला लसूण चालत नाही म्हणून मी मुद्दाम बिनलसणाचं भडंग केलं होतं. बिनलसणाचं भडंग करताना सांगलीकडच्या बाईच्या जिवाला काय होतं ते आमच्याकडच्याच माणसाला कळेल.

ललिता माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिचे वडील मारवाडी जैन, तासगावच्या बाजारात त्यांची बेदाण्याची अडत होती. लग्न होऊन ती नाशिकला गेली तर तिथेही बेदाणाच वाट्याला आला. आता साठी गाठली तरी माल पारखायला घरात तिच्याइतकं तरबेज कुणी नाही. गेल्या वर्षी फाल्गुनात तिनं वर्षीतप धरलं. एक दिवस कडक उपास, त्यात फक्त उकळून गार केलेलं पाणी आणि तेही सूर्य असेपर्यंतच, दुसऱ्या दिवशी बियासणं (दोनदाच, एका जागी बसून जेवणं), पुन्हा उपास. असं वर्षभराहून अधिक चालतं आणि अक्षय्य तृतीयेला उसाच्या रसानं पारणं होतं. तिचा हा तिसरा प्रयत्न होता. पहिला काविळीनं मोडला, दुसरा पायाच्या ऑपरेशननं. "या खेपेला झालं तर झालं," ती फोनवर म्हणाली होती, "पुढं शरीर ऐकणार नाही. पारण्याला तू पाहिजेस." मग काय, निघाले.

माझं स्वतःचं उपासाशी नातं फार गोड आहे. साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस आणि दुपारी उपासाचा चिवडा. त्यामुळे ललिताचा उपास मला नुसता ऐकूनही भोवळ आणायचा.

पुण्याला गाडी बदलली. शेजारी सायखेड्याच्या एक आजीबाई बसल्या होत्या, मांडीवर पोतडी. नारायणगाव येईपर्यंत त्यांनी माझी सगळी कुंडली काढून घेतली. कुठं चाललात, कुणाकडं, कशाला.

"वरीसभर उपास?" त्यांनी डोक्यावरचा पदर सावरला. "जित्ती हाय ना ती?"

"एक दिवसाआड जेवते हो."

"तरी लय अवघड हाय बाई. आम्हाला शेतात एक येळ चुकली तर हातपाय चालत नाय." मग त्यांनी विचारलं, "कशापायी करती?"

नवस असेल, असं मी म्हणून टाकलं. सिन्नरचा घाट उतरल्यावर आजीबाईंनी पोतडीतून शेंगदाणे काढून माझ्या ओंजळीत ओतले आणि मी ते नाशिक येईपर्यंत खात बसले.

महामार्ग स्टँडवर उतरले तेव्हा ऊन कलत होतं. रिक्षावाल्यानं पंचवटीत नेताना गोदावरीवरच्या पुलावर गाडी हळू केली आणि "डावीकडं रामकुंड" असं न विचारता सांगितलं. गल्ल्या अरुंद, त्यात भाजीच्या हातगाड्या, त्यात दुचाक्या. ललिताचं घर तिसऱ्या गल्लीच्या टोकाला. दार तिनंच उघडलं. अर्धी झाली होती. गळ्याची हाडं दिसत होती. पण डोळे मात्र शाळेतल्यासारखेच, खोडकर.

"रडू नको, आत ये," ती म्हणाली. "आणि आधी जेव. सूर्य जायला आलाय."

मी म्हटलं, आत्ता कुठं, हातपाय धुते, चहा घेते, नऊला जेवू सावकाश. ललिताची सून पूनम गालातल्या गालात हसली. त्या घरी सूर्यास्तानंतर कुणी जेवत नाही. मी अंघोळ करून बाहेर आले तेव्हा स्वयंपाकघर आवरून झालं होतं. पूनम मला वाढायला तयार होती, पण सगळ्या घरानं तोंड बंद केलेलं असताना एकटीनं पोळ्या मोडायचं मला धाडस झालं नाही. खोलीत जाऊन मी भडंगाचा डबा उघडला. ललितासाठी आणलेला खाऊ असा पहिल्याच संध्याकाळी निम्म्यावर आला.

तेवढ्या वेळात शेजारपाजारच्या बायका येऊन जात होत्या. प्रत्येक बाई ललिताला एकच विचारायची, "साता आहे ना?" (साता म्हणजे सुख, बरं वाटणं. तप करणाऱ्याला असं विचारायची त्यांच्यात रीत आहे.) ललिता हात जोडून म्हणायची, "देव-गुरूंच्या कृपेनं साता आहे."

दुसरा दिवस तिच्या जेवणाचा. सकाळी ऊन जरा वर आल्यावर ती पाटावर बसली. मुगाचं पाणी, खाकरा, गरम दूध. मीही शेजारी बसले. ती इतकी हळू जेवत होती की मला माझ्या घासांची लाज वाटली. मग मी आजीबाईंचा प्रश्न तिच्यापुढे ठेवला. कशासाठी गं हे? नवस आहे का?

"नवस नाही," ती म्हणाली. "आमच्यात मागायचं काही नसतं. जुनी कर्मं चिकटलेली असतात, ती झडावीत म्हणून तप. त्याला निर्जरा म्हणतात."

"ते पुस्तकातलं झालं. तुझं सांग."

तिनं खाकऱ्याचा तुकडा मोडला. "मला राग फार. तुला माहीत आहे. दुकानात, घरात, पूनमवर. भूक लागली की आधी राग येतो. वर्षभर मी बसून त्याच्याकडं बघतेय. कधी कधी तो येतो आणि काही न करता जातो. एवढंच मिळालं." मग म्हणाली, "थोडं नाही ते."

पूनमनं आतून ताक आणलं. सासूचं बोलणं तिनं ऐकलं असावं, कारण तिनं माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या आणि मान हलवली. खरं आहे, असं तिला म्हणायचं होतं.

दुपारी मी पंचवटीत एकटी हिंडले. रामकुंडावर न्हाणाऱ्यांची गर्दी, भाविकांपेक्षा कबुतरं जास्त. भाजीबाजारात कैऱ्यांचे ढीग. एका टपरीवर मिसळ खाल्ली, झणझणीत. खरं सांगते, त्या घरातून बाहेर पडून मिसळ खाताना सुटका झाल्यासारखं वाटलं.

तिसरा दिवस. अक्षय्य तृतीयेचा आदला, म्हणजे शेवटचा उपास. भल्या सकाळी ललिता उपाश्रयात (साध्वी जिथं मुक्कामाला असतात ती वास्तू) जाऊन पच्चक्खाण घेऊन आली. उपासाचा नियम असा रोज नव्यानं गुरूंपुढे हात जोडून घ्यायचा असतो. घरी पाहुण्यांची वर्दळ सुरू झाली होती. भाऊजी, म्हणजे ललिताचे यजमान, रसवंतीवाल्याशी फोनवर घासाघीस करत होते. रसात बर्फ नको, लिंबू नको, आलं तर अजिबात नको, कारण आलं जमिनीखालचं. आणि याच दिवशी ललिताला दिंडोरीकडच्या बेदाण्याच्या शेडवर जायचं होतं. एक मोठा लॉट उचलायला गाडी येणार होती आणि तो तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं. "शिवाय हिला आमचा बेदाणा दाखवायचाय," माझ्याकडे बोट करून ती म्हणाली. भाऊजींनी कपाळाला हात लावला. गाडी तिनंच चालवली. मी दाराची कडी घट्ट धरून बसले.

म्हसरूळ मागं पडलं की रस्ता मोकळा होतो. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, पण काढणी होऊन गेलेल्या. छाटणी होऊन नवी फूट आलेली. ऊन असं की डांबर वितळेल. शेड म्हणजे जाळ्यांच्या थरावर थर, चहूबाजूंनी वारा, आणि त्या जाळ्यांवर सुकत असलेली द्राक्षं. त्या वासानं मी एकदम आठवीतली झाले. एका बाजूला पत्र्याच्या खोलीत तयार माल, पोत्यांनी. बायका निवडत बसल्या होत्या. आम्ही गेलो तेव्हा त्यांची जेवणाची सुट्टी झाली आणि त्या भाकऱ्या सोडायला बाहेर झाडाखाली गेल्या.

मी एक मूठ बेदाणा घेतला, खाल्ला, आणि तासगावचं पाणी दाखवलं.

"बरा आहे," मी म्हटलं. "पण आमच्यासारखा नाही. साल जाड लागते."

"जाड?" ललिताचा आवाज चढला. "ही साल जाड?"

"आमचा जिभेवर विरघळतो."

"अगं, तुझी जीभ मिसळ खाऊन मेलीय!" तिनं पोत्यात हात घातला, मूठभर बेदाणा तळहातावर पसरला, एक दाणा दोन बोटांत दाबून उजेडात धरला, आणि तोंडात टाकला. चाळीस वर्षं ती हेच करत आली आहे. दाबायचा, बघायचा, चावायचा. दाताखाली कचकच येते का, बी लागते का, साल राहते का. तिनं चावला, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "सांग आता, कुठं आहे साल..."

आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

मलाही त्याच क्षणी कळलं. ती धावत दाराबाहेर गेली, थुंकली, परत परत थुंकली. बाटलीतलं उकळलेलं पाणी घेऊन चुळा भरल्या. मग भिंतीला टेकून उकिडवी बसली. मी शेजारी बसले तर ती माझ्याकडे बघेना.

"गिळलास का?"

"नाही. पण चावला. रस गेला असणार." मग तिच्या तोंडून एकदम तासगाव बाहेर पडलं. "संपलं बघ सगळं. वरीस गेलं. उद्या पारणं आणि आज मी खुळ्यासारखी तोंडात टाकला. आता काय सांगू गं लोकांना?"

मला तिच्या रडण्यानं आधी वाईट वाटलं आणि मग राग आला. तिच्यावर नाही, त्या नियमावर. एका बेदाण्यानं सगळं वर्ष वाहून जात असेल तर तो हिशेब मला मान्य नव्हता. मी तसं बोललेही. आणि चिडवलं मीच होतं, हे आत कुठंतरी बोचत होतं ते वेगळंच.

गाडी येऊन माल घेऊन गेली. तिनं सही केली आणि आम्ही निघालो. परतताना म्हसरूळच्या अलीकडे तिनं गाडी एका लिंबाखाली थांबवली. पाणी पी म्हटलं तर प्यायली नाही.

"कुणी बघितलं नाही," मी म्हटलं. "बायका बाहेर होत्या. मी एकटी होते आणि मी कुणाला सांगणार नाही. मरेपर्यंत पोटात ठेवीन. उद्या रस पी आणि मोकळी हो. तीनशे माणसांचा स्वयंपाक सांगितलाय त्या भाऊजींनी."

तिनं माझ्याकडे वळून बघितलं. "खरंच सांगणार नाहीस?"

"तुझी शपथ."

"बरं," ती म्हणाली आणि किल्ली फिरवली. मला वाटलं, मिटलं. मला केवढं हलकं वाटलं म्हणून सांगू. मैत्रीण वाचली, पारणं वाचलं आणि माझं चिडवणंही झाकलं गेलं.

पंचवटीत शिरल्यावर ती घराकडे न वळता उपाश्रयाकडे वळली. संध्याकाळी ती रोजच जाते, त्यामुळे मला काही वाटलं नाही. जिन्याखाली चपला काढून आम्ही वर गेलो. मोठी खोली, पांढऱ्या भिंती, पंखा नाही. वयस्क साध्वीजी, ज्यांना सगळ्या महाराजसाहेब म्हणतात, लाकडी पाटावर बसल्या होत्या, पांढरी वस्त्रं, हातात मुहपत्ती (बोलताना तोंडापुढे धरायचं वस्त्र). पाच-सहा बायका आधीच येऊन बसल्या होत्या. ललितानं वंदन केलं. साध्वीजींनी हसून विचारलं, "साता आहे ना, ललिताबेन?"

तिनं नेहमीचं उत्तर द्यायचं, एवढंच होतं. मी तिच्याकडे बघत होते. तिचे ओठ हलले, थांबले.

"महाराजसाहेब," ती म्हणाली, "आज माझ्याकडून बेदाणा खाल्ला गेला."

खोलीतल्या बायका वळून बघू लागल्या. मी डोळे मिटून घेतले.

"कधी?" साध्वीजींचा आवाज तसाच.

"दुपारी. शेडवर. माल बघताना."

"तोंडात टाकताना उपास आहे हे लक्षात होतं?"

"नाही. हात सवयीनं गेला."

"लक्षात आल्यावर?"

"थुंकला. चुळा भरल्या. पण थोडा रस आत गेला असेल."

"लक्षात आल्यावर गिळलंस काही?"

"नाही."

साध्वीजी जरा पुढे झुकल्या. "सकाळी पच्चक्खाण मीच दिलं ना? वर्षभर ऐकते आहेस. त्यात उपासाच्या नियमाबरोबर काय काय येतं?"

ललितानं प्राकृतातलं ते पाठ म्हणायला सुरुवात केली आणि दोन शब्दांपाशी अडखळली.

"अनाभोग," साध्वीजींनी तो शब्द पुरा केला. "म्हणजे विसरून झालेलं. सहसागार, म्हणजे अचानक, न ठरवता झालेलं. त्याची सूट नियम घेतानाच दिलेली असते. नियम ज्यांनी केले त्यांना माणूस माहीत होता. रोज हात जोडून ऐकतेस, अर्थाकडे लक्ष दिलं नाहीस. लक्षात आल्यावर घास खाली जाऊ दिला असतास तर मोडला असता. तुझा उपास मोडलेला नाही."

ललिता तशीच बसून राहिली. तिला बहुधा ऐकू आलं नव्हतं. शेजारच्या बाईनं तिला हलवलं, "अगं ललिता, नाही मोडला!" आणि मग ती जी रडायला लागली, ती हसतच रडायला लागली. मीही रडले. ओळख ना पाळख, त्या बायका माझ्या पाठीवर हात फिरवत होत्या.

"पण पारण्यानंतर एक आयंबिल कर," साध्वीजी म्हणाल्या. (आयंबिल म्हणजे दिवसातून एकदाच, तेल-तूप-मीठ-मसाला नसलेलं जेवण.) "बेदाण्यासाठी नाही. बेसावध राहिलीस, त्यासाठी."

मला राहवेना. मी म्हटलं, "महाराजसाहेब, चिडवलं मी तिला. माझी चूक जास्त आहे."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "तुम्ही कुठला नियम घेतलाय?"

"कुठलाच नाही."

"मग तुमचं काय मोडणार?" त्या हसल्या आणि सगळ्या बायकाही हसल्या. मीही हसले, पण ते मला जरा लागलं.

तेवढ्यात कुणीतरी खिडकीकडे बघून ओरडलं, "सूर्य चाललाय, तिला पाणी द्या!" परातीत गार करून ठेवलेलं उकळलेलं पाणी एकीनं तांब्यात ओतलं, दुसरीनं ललिताच्या हातात दिलं. दुपारपासून कोरड्या पडलेल्या घशानं ती घटाघटा प्यायली. पदर भिजला. समोरच्या घरांच्या गच्च्यांवर अजून थोडं ऊन होतं. इतकं साधं पाणी पिताना कुणाला मी एवढ्या आनंदानं बघितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशीचं पारणं मंगल कार्यालयात झालं. आदिनाथ भगवान भिक्षेसाठी वर्षभर फिरले आणि लोक त्यांना हत्ती, घोडे, रत्नं द्यायला निघाले. भुकेल्याला अन्न द्यावं हे कुणाला सुचेना, मग एका राजकुमारानं उसाचा रस ओंजळीत ओतला, ही गोष्ट मला भाऊजींनी रांगेत उभं असताना सांगितली. चांदीच्या छोट्या वाट्यांतून घरचे एकेक करून ललिताला रस पाजत होते. पूनमची पाळी आली तेव्हा ललितानं दोन्ही हातांनी तिची वाटी धरली. माझी पाळी आली तेव्हा मी कानात म्हटलं, "रस आमच्याकडचाच गोड." ती एवढी हसली की रसाचा ठसका लागला. आणि पंगतीत मी पोटभर जेवले, सूर्यास्ताच्या कितीतरी आधी.

परतीच्या सकाळी ललिता मला स्टँडवर सोडायला आली. गाडी लागायला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो. दोन दिवस मनात घोळत होतं ते मी विचारलं.

"उपास मोडला नव्हताच, असं त्या म्हणाल्या. मग तू न सांगताही तो मोडला नसताच की. उगीच चारचौघींत बोललीस."

"नाही," ती म्हणाली. "मग मोडला असता."

"बेदाण्यानं?"

"बेदाण्यानं नाही गं. त्यांनी 'साता आहे ना' विचारलं, तेव्हा मी हो म्हटलं असतं, तर तिथं मोडला असता. वर्षभर उपाशी राहून एवढं तर मला कळायला पाहिजे ना."

गाडी आली. तिनं माझी पिशवी आत ठेवून दिली, खिडकीशी उभी राहिली, आणि गाडी वळेपर्यंत हात हलवत होती. सिन्नर येईपर्यंत मी बाहेर बघत बसले. लिंबाखाली थांबलेल्या गाडीत मी केवढ्या प्रेमानं तिची शपथ घेतली होती. तिनं ती माझ्या समाधानासाठी ऐकून घेतली आणि तिथंच सोडून दिली. माझी मदत तिच्या उपयोगी पडली नाही. सगळ्या प्रवासात मला सगळ्यात जास्त हायसं वाटलं ते याचंच.